ठिपका नसलेली भांडी

स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून "मीठ कुठे आहे हो?" असं विचारायची वेळ येणं म्हणजे काय असतं, ते काकूंना आल्या दिवशी संध्याकाळीच कळलं. प्रवासाने अंग आंबून गेलं होतं, पाय सुजले होते, पण हात सवयीने ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात गेला. तिथे मीठ नव्हतं. तिथे नुसती भिंत होती, आणि ती इतकी लख्ख पुसलेली होती की काकूंनी चटकन बोटं मागे घेतली.

"डावीकडे, वरून दुसरा कप्पा," काका दारातून म्हणाले. "पण थांब, तू बस. मी देतो."

तू बस. हे दोन शब्द ऐकून काकूंना भरूनच आलं. याच शब्दांपासून तर त्या पळून आल्या होत्या.

गेली दोन वर्षं काकू लेकीकडे होत्या. लेक लांबच्या शहरात नर्स. तिची ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. जावई बस चालवायचा, त्याच्याही पाळ्या. आणि घरात तान्ही मुलगी. अशा वेळी आजीने जायचं नाही तर कुणी जायचं? काकू गेल्या, आनंदाने गेल्या, आणि नातीला त्यांनी फुलासारखं सांभाळलं. पण लेकीच्या स्वयंपाकघराशी त्यांचं काही जमलं नाही. तिथल्या कप्प्यांना मुठीच नव्हत्या. दाबलं की उघडायचे. काकू चमच्यांसाठी दाबायच्या आणि कचऱ्याचा डबा सर्रकन पुढे येऊन उभा राहायचा. जावई स्वभावाने सोन्यासारखा. लगेच धावत यायचा, "आई, तुम्ही बसा, मी देतो." माणसाला गोड बोलून पाहुणा करून ठेवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नसेल.

म्हणून रोज रात्री दिवा मालवल्यावर, नात शेजारी झोपलेली असताना, काकू मनातल्या मनात आपल्या घरी जायच्या. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला खिळ्यावर चाळणी. तिच्यामागे किसणी, घाई केली की हमखास बोट सोलणारी. ओट्याखाली मोठं पातेलं, त्याच्या पोटात मधलं, त्याच्या पोटात छोटं. खलबत्ता खिडकीत, कारण तिथे कुटलं तरच खालच्या मजल्यावरून आरडाओरडा होत नसे. लांब दांड्याचा झारा. उजव्या कोपऱ्यात मिठाची बरणी. हा फेरा पुरा झाला की काकूंचा डोळा लागायचा. एखाद्या रात्री किसणी कुठे आहे ते चटकन आठवलं नाही तर त्या उठून बसायच्या आणि आठवेपर्यंत पुन्हा आडव्या व्हायच्या नाहीत.

आता काकांविषयी. काकांनी सगळा जन्म एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सुटे भाग सांभाळण्यात घालवला. तिथे खिळ्याला खिळ्याचा कप्पा आणि वॉशरला वॉशरचा. म्हणून लोक त्यांना कप्पेकाका म्हणू लागले आणि त्यांचं खरं आडनाव टपालवाल्याशिवाय कुणाच्या लक्षात राहिलं नाही. निवृत्त झाले तेव्हा कप्पे कारखान्यात राहिले आणि खाज घरी आली. काकू होत्या तोवर स्वयंपाकघराकडे वाकडी नजर टाकायची त्यांची हिंमत नव्हती. एकदाच त्यांनी झाकणं आकारानुसार लावली होती, तेव्हा काकूंनी असा काही तोफखाना सोडला होता की पुढे कित्येक दिवस ते पाणीसुद्धा बाहेरच्या माठातून पीत. पण काकू गेल्या आणि मैदान मोकळं झालं.

"ये, दाखवतो," काका म्हणाले. त्यांचा चेहरा शाळेत पहिला आलेल्या मुलासारखा फुलला होता.

काकू बघत राहिल्या. मांडणी गेली होती. तिच्या जागी भिंतभर सरळ फळ्या. फळ्यांवर एकसारखे पारदर्शक डबे, प्रत्येकावर छापलेली चिठ्ठी. ओटा रिकामा, बुटांनी चालावं इतका रिकामा. खिडकीत फक्त उजेड.

"पद्धत एकदम साधी," काका सांगू लागले. "स्टोअरमध्ये आम्ही हेच करायचो. वस्तू वापरली की तिच्यावर एक रंगीत ठिपका चिकटवायचा. रोज लागणारा माल हाताच्या उंचीवर. अधूनमधून लागणारा खाली. आणि वर्षभरात ज्याच्यावर एकही ठिपका पडला नाही तो पडीक माल. काढून टाकायचा. तुला सांगतो, अर्ध्याहून जास्त पडीक निघालं! उगाच जागा अडवून बसलं होतं."

"झारा?"

"ठिपका नव्हता."

"खलबत्ता?"

"एकही नाही. वर्षभर जागचा हलला नाही बघ तो."

"मोठं पातेलं?"

"अगं, एकट्या माणसाला कशाला लागतंय मोठं पातेलं? सगळं कारखान्याच्या कॅन्टीनला देऊन टाकलं. तिथे कामाला तरी येईल."

एखाद्याच्या घरी वाईट बातमी कळावी आणि तिथे रडता येऊ नये, तशी त्यांची अवस्था झाली. समोरचा माणूस कौतुकाची वाट बघत उभा होता. "छान केलंत," त्या म्हणाल्या. "नेटकं आहे."

मग काकांनी चहा केला. भराभरा केला. सगळं त्यांच्या डाव्या हाताला येईल असं लावलेलं होतं, कारण काका डावखुरे. त्यामुळे उजव्या हाताच्या माणसाला तिथे साधं झाकण उघडायचं तरी एक गिरकी घ्यावी लागली असती. चहा झाला आणि काका अडखळले. कप एकच होता. काकूंचा कप बिनठिपक्याचा, तोही कधीच कॅन्टीनला गेला होता. काकांनी कपातला चहा काकूंना दिला आणि स्वतःसाठी रेघा मारलेल्या मोजपात्रात ओतून घेतला. "दोनशे मिली बरोब्बर," ते म्हणाले आणि हसले. काकूही हसल्या. दोघांनाही त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

खरं तर काकू मनाशी सगळं ठरवून आल्या होत्या. म्हणायला महिनाभराच्या विश्रांतीसाठी आल्या होत्या. लेकीला वॉर्डची मुख्य नर्स करणार होते, आणि तिने विचारलं होतं, "आई, पोर शाळेत जाईपर्यंत राहशील? तू असलीस तरच मी हो म्हणते. रविवारपर्यंत सांग." काकूंचं उत्तर आतून तयार होतं: नाही. आपलं घर, आपला माणूस, आपली बरणी. पण लेकीला नाही म्हणायचं तर पाय रोवायला काही तरी हवं ना? काकूंना फार काही नको होतं. काकांनी एकदा म्हणावं, राहा. एका शब्दाचं काम. तो शब्द आला असता तर लेकीला कसं सांगायचं ते त्यांचं त्यांनी बघितलं असतं.

शब्द काही येईना. काका येता-जाता लेकीची चौकशी करत, नातीचे फोटो बघत, आणि मग फळीवरचा एखादा डबा केसभर सरकवत. काकूंचे हात जुन्या जागांवर जाऊन रिकामे परत येत होते. चाळणीसाठी भिंतीवर, पकडीसाठी हवेत. दोनदा कोपर नव्या फळीवर आपटलं. काकांनी रात्री अंडी उकडली. दुसऱ्या रात्रीही अंडीच उकडली. तिसऱ्या दिवशी काकूंनी ओट्याचा ताबा घेतला, पण त्यांच्या उंचीला फळ्या जमेनात, आणि मागे काका उभेच: "ते डावीकडे... नाही, त्याच्या खाली... थांब, तू बस."

शेजारच्या शिंपीणबाई परकराला नाडी ओवता ओवता भेटायला आल्या आणि स्वयंपाकघर बघून त्यांनी सुई तोंडात धरली. "काय बाई तुमचं नशीब! आमच्या घरच्यांना पाण्याचा पेला कुठे असतो ते ठाऊक नाही. सगळी कॉलनी येऊन बघून गेली हो, प्रदर्शनासारखी. आता तुम्हाला मागची काळजीच नाही. खुशाल जा लेकीकडे."

"हो ना," काकू म्हणाल्या.

रविवारी लेकीचा फोन आला तो आधी काकांनी घेतला. काकू आत कणीक मळत होत्या. काका बाहेर बोलत होते, नेहमीसारखे मोठ्याने, जणू लेक फोनवर नसून रस्त्याच्या पलीकडे उभी आहे. "माझं काय अडतंय? काही अडत नाही. सगळं टापटीप आहे. आईला विचार, तिचं तिने ठरवायचं." आणि ते आत येऊन फोन पुढे करून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतं का, म्हणून काकूंनी बघितलं. काका सिंककडे बघत होते.

काकूंना राग आला. आणि रागात माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. पिठाच्या हातानेच फोन घेतला आणि म्हणाल्या, "येते. कळव तुझ्या वॉर्डमध्ये."

पलीकडे लेक आनंदाने रडायलाच लागली. काकांनी मान हलवली, "बरं झालं," म्हणाले, आणि फोनवरचं पीठ फडक्याने पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

दुसऱ्या दिवशी काकू कॅन्टीनला गेल्या. का गेल्या, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. भांडी परत मागायची नव्हती. दिलेलं मागायचं म्हणजे शोभा. पण जायच्या आधी एकदा बघून तरी घ्यावं, म्हणून बँकेत जाते सांगून निघाल्या. कारखान्याच्या मागच्या दाराला कॅन्टीन. लांब टेबलं, वाफ, ताटांचा खणखणाट. मुदपाकखान्यात आचारी कढईवर वाकला होता आणि त्याच्या हातात काकूंचा झारा होता. दांडा तोच, काकूंनी आयुष्यभर धरून गुळगुळीत केलेला. आता त्याला काळी चिकट कड धरली होती. चांगला कामात होता. काकूंकडे झाऱ्याने ढुंकूनही बघितलं नाही, असंच म्हणायचं.

आचाऱ्याने मात्र ओळखलं. "काकू ना तुम्ही? या, या! कधी आलात? तरीच म्हटलं, काका आठवडाभर दिसले कसे नाहीत."

"काका इथे येतात?"

"येतात म्हणजे? रोज की! दुपारी इथे जेवायचं आणि रात्रीचा डबा बांधून न्यायचा. साहेबांनी सांगूनच ठेवलंय, जुना माणूस आहे, घालत जा." आचाऱ्याने झारा कढईच्या काठावर आपटला. "सुरुवातीला करायचे म्हणे घरी. मग सोडलं. मला एकदा म्हणाले, गॅस पेटवला की त्याचा आवाज ऐकू येतो रे, इतकं घर शांत असतं. तेव्हापासून असंच चाललंय. का, तुम्हाला बोलले नाहीत?"

काकूंनी एका टेबलाच्या कडेला टेकून घेतलं. आचाऱ्याने पाणी दिलं. ते त्यांनी सावकाश प्यायलं, त्याच्या लेकराबाळांची चौकशी केली, झाऱ्याला चिंच लावून घासत जा असं सांगितलं आणि घरी आल्या.

काका फळीसमोर स्टुलावर बसून चिठ्ठ्या सरळ करत होते. "झालं बँकेचं?"

"झारा भेटला आज," काकू म्हणाल्या.

काकांचा हात थांबला.

"बरा आहे. मलाच ओळख दिली नाही त्याने." काकूंनी पिशवी ओट्यावर ठेवली, रिकाम्या, लखलखीत ओट्यावर. "मला तुमचा नियम परत एकदा सांगा. वर्षभर ज्याला हात लागला नाही त्याला काय म्हणायचं?"

"असं काय विचारतेस..."

"सांगा ना. काय म्हणायचं?"

"पडीक माल," काका पुटपुटले.

"मग मी दोन वर्षं या घरात हलले नाही. माझ्यावर कुठे आहे ठिपका? मलाही द्यायचं होतं कॅन्टीनला. कामाला तरी आले असते."

एवढा मोठा माणूस, सगळा कारखाना ज्याला विचारल्याशिवाय एक नट हलवत नसे, तो स्टुलावर पाय जुळवून बसला होता.

"तू फोनवर सारखी तिचंच बोलायचीस," ते शेवटी म्हणाले. "तिला दात आला, ती उभी राहिली, तिने आज मला अमुक नावाने हाक मारली. मला वाटलं, तुझा जीव तिकडे लागलाय. आता मी इथून ये म्हणायचं, आणि तू अर्धी तिकडे ठेवून यायचं, याला काय अर्थ आहे? म्हणून म्हटलं घर असं करून ठेवावं की तुला मागे वळून बघायचं कारणच उरू नये. तुला सुखाने जाता यावं."

"आणि तुम्ही?"

"मी काय? जेवत होतो की."

"मी तिकडे रोज रात्री या घरात येत होते," काकू म्हणाल्या. "रोज. अंधारात. इथे चाळणी, तिथे किसणी, खिडकीत खलबत्ता. एकेका भांड्याला हात लावून जात होते मी. वर्षभर हलली नाहीत म्हणता? मी रोज हलवत होते त्यांना."

काकांनी फळीकडे बघितलं, मग खिडकीकडे. त्यांचे ओठ काही तरी जुळवत होते. "मोजणीच चुकली माझी," ते म्हणाले. "वर्षच चुकीचं धरलं. तू नव्हतीस ते वर्ष धरून या घराची मोजणी करायला नको होती मी. शिकाऊ माणूससुद्धा अशी चूक करणार नाही." आणि मग, स्टुलावरून न उठता, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, "राहा. राहा ना. मला नाही गं जमत."

एवढंच हवं होतं काकूंना. आठवडाभर, दोन वर्षं, एवढंच हवं होतं. त्यांनी पदराने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि धीर निघून जायच्या आत लेकीला फोन लावला.

"काल हो म्हणाले, ते रागात म्हणाले गं. मी नाही येत. बाबांना सोडून नाही राहवत मला." इतकं सरळ त्या लग्नानंतर कधी बोलल्या नव्हत्या. काकांनी मान खाली घातली.

लेक भांडली असती तर बरं झालं असतं. "मी सकाळीच सांगून टाकलं होतं वॉर्डमध्ये," ती म्हणाली. मग नर्सच्या आवाजात, रोग्याशी बोलतात तशा समजूतदार आवाजात, "असू दे आई. बघते मी. तू रडू नकोस. बाबांकडे बघ."

तिच्यामागे नात रडत होती. हट्टाचं नाही, झोपेचं रडणं. काकूंना इथून ओळखू आलं. जावई कसला तरी खुळखुळा वाजवत होता, आणि त्याने ती आणखीच बिथरत होती. खुळखुळा नको रे बाबा, काकूंच्या मनात आलं, झोपेच्या वेळी तिला आवाज सहन होत नाही. पण तोवर लेकीने फोन ठेवला होता.

काकू फोन हातात धरून उभ्या राहिल्या. घर आपलं होतं, माणूस आपला होता, हवा तो शब्द मिळाला होता. आणि कुशीतली एक जागा, एवढीशी, उबदार, जावळाच्या वासाची, एकदम रिकामी झाली होती. आज रात्री डोळे मिटल्यावर आपण कुठल्या घरी जाणार, ते काकूंना आत्ताच कळून चुकलं.

"काय झालं?" काका उठून जवळ आले. "बोलली का काही?"

"नाही हो. पोर रडत होती. तिला झोप आली की उजव्या कानाची पाळी चोळायची, हलक्या हाताने, मग गप्प होते. जावयाला ठाऊक नाही. मी कधी सांगितलंच नाही."

"मग परत लाव की फोन. सांग त्याला."

काकूंनी फोन उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला. "काय सांगू?" त्या म्हणाल्या. "किती हलक्या हाताने, ते कसं सांगायचं?"